प्लायवूडच्या कार्यशाळा-फर्निचरवरील संरक्षक लेप

सुतारकामाचे बाक, मांडण्या, खणांची कपाटे व हत्यारांच्या पेट्या यांच्या प्लायवूडचे ओल, डाग आणि घर्षण यांपासून रक्षण करणारे तेल, लाख किंवा व्हार्निश यांचे थर. दिवाणखान्यातील फर्निचरला चकाकी लागते. कार्यशाळेतील फर्निचरवर मात्र घाव, ओरखडे व गोंदाचे डाग पडणारच, म्हणून लेप किती सहज दुरुस्त होतो ही निवडीची मुख्य कसोटी ठरते.

पृष्ठभाग : तंतूंची दिशा आलटून-पालटून चिकटवलेल्या लाकडी पापुद्र्यांचे प्लायवूड बनते. दर्शनी पापुद्रा बहुधा १ मिमी.हूनही पातळ असल्याने तो भरीव लाकडासारखा रंधता येत नाही. १५० ते २२० क्रमांकाच्या पॉलिश पेपरने हलक्या हाताने घासणे पुरते. कडांवर एकाआड एक पापुद्र्यांचे तंतू उभे कापलेले असतात व तेथून पाणी वेगाने शिरते. म्हणून कडांच्या पोकळ्यांत लांबी भरून लेपाचे जादा हात देतात किंवा लाकडी पट्टी मारतात. फळीच्या एकाच बाजूला लेप दिल्यास दोन्ही बाजूंकडून कमीजास्त ओल शोषली जाऊन ती वाकते.

लेपांचे प्रकार : उकळलेले जवसाचे तेल लाकडात मुरते व हवेतील ऑक्सिजनशी संयोग पावून घट्ट होते. त्याचे पाण्यापासूनचे संरक्षण माफक असते. परंतु झिजलेला भाग घासून पुन्हा तेल चोळले की काम भागते. बाकाच्या माथ्याला ते यामुळेच सोयीचे. तेलावर मेण चोळल्यास सांडलेला गोंद सुकल्यावर सहज खरवडता येतो, मात्र माथा निसरडा होतो.

स्पिरिटमध्ये विरघळवलेली चपडा लाख लवकर सुकते आणि नवा हात जुन्यात मिसळून जातो. बंद खणांत तेलाचा वास दीर्घकाळ रेंगाळतो, त्यामुळे खणांच्या आतून लाख बरी. उष्णता, स्पिरिट व साचलेले पाणी तिला सोसत नाही. दमट हवेत स्पिरिट उडताना पृष्ठभाग थंड होऊन त्यावर बाष्प जमते व थर पांढुरका पडतो. कोकणात भर पावसाळ्यात हे काम टाळणे इष्ट.

पॉलियुरेथेन व्हार्निशचा थर घर्षण, पाणी व तेल यांना चांगला टिकतो. पाय, तळ, कपाटांच्या बाहेरील बाजू यांना तो योग्य होय. पाण्यात बनवलेल्या प्रकाराला वास कमी असतो, पण पहिल्या हाताने लाकडाचे तंतू उभे राहतात व पुन्हा घासावे लागते. हार्डनर मिसळून वापरायचे दुहेरी पॉलियुरेथेन आणि मेलामाइन लेप अधिक कठीण होतात. मात्र ओरखडा पडल्यास त्यांची जागच्या जागी दुरुस्ती अवघड जाते. फार झिजणाऱ्या माथ्यावर लेपाऐवजी बदलता येणारी हार्डबोर्डची फळी बसवतात.

सुरक्षितता : जवसाचे तेल सुकताना उष्णता बाहेर पडते. तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. त्या मोकळ्या पसरून वाळवतात किंवा पाण्यात बुडवून ठेवतात. दुहेरी पॉलियुरेथेनच्या हार्डनरमधील आयसोसायनेटे श्वसनमार्गाला घातक असून मेलामाइन लेपातून फॉर्मॅल्डिहाइड बाहेर पडते. दोन्हींसाठी खेळती हवा व योग्य मुखवटा आवश्यक आहे.

मर्यादा : कोणताही लेप ओलीचा शिरकाव मंदावतो, पूर्ण थांबवत नाही, वाळवीवरही तो उपाय नव्हे. सतत ओल असलेल्या जागी साधे एमआर (मॉइश्चर रेझिस्टंट, म्हणजे माफक ओलरोधक) प्लायवूड कितीही हात दिले तरी पापुद्रे सोडते. तेथे फिनॉलिक रेझिनने चिकटवलेले, आयएस ७१० मानकाचे प्लायवूड घ्यावे लागते.