दोन आडनावांचा देश

मेक्सिकोत कुणालाही पूर्ण नाव विचारा, शेवटी दोन आडनावं येतात. पहिलं बापाचं, दुसरं आईचं. गॅब्रिएल गार्सिया मार्केझ हे नाव आपण ऐकलेलं असतं. तो कोलंबियाचा, पण पद्धत तीच. गार्सिया वडिलांकडून आलं, मार्केझ आईकडून. लग्न झालं म्हणून बाईचं नाव बदलत नाही. जन्मताना मिळालेली दोन आडनावं घेऊनच ती जगते, आणि मेल्यावर सरकारी वहीत नोंद होते तीही त्याच नावाने.

आता तुमच्या आजीच्या आजीचं माहेरचं नाव आठवून बघा. आडनाव जाऊ दे, नुसतं नाव. मी घरी विचारलं तेव्हा बाबा म्हणाले, "लक्ष्मीबाई." ते सासरचं, लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने लिहिलेलं. त्याआधीची दहा-बारा वर्षं तिला काय हाक मारत होते, हे सांगणारं आज कुणी उरलेलं नाही. कागद तर नाहीच.

मेक्सिकोशी माझा संबंध नोकरीमुळे. आमची अर्धी टीम पुण्यात, अर्धी ग्वादालाहारात. तिकडची एक सहकारी गेल्या वर्षी आईकडची वंशावळ शोधायला लागली. तिचं आजोळ हालिस्को राज्यातल्या लोस आल्तोस नावाच्या डोंगराळ भागातलं. 'आम्ही अस्सल स्पॅनिश रक्ताचे' असं अभिमानाने सांगणारी घरं तिथे गल्लोगल्ली आहेत, हिचं त्यातलंच एक. ते खरं आहे का, एवढंच तिला बघायचं होतं. मी पडलो डेटाबेसवाला. रोजच्या कॉलनंतर पंधरा मिनिटं म्हणून मदतीला बसलो आणि तिच्यापेक्षा मीच त्यात जास्त अडकलो.

शोधाची पहिली पायरी म्हणजे 'रेहिस्त्रो सिव्हिल', सरकारी जन्म-विवाह-मृत्यू नोंदणी. मेक्सिकोत ती एका यादवी युद्धाच्या धामधुमीत सुरू झाली. त्याआधी तीनशे वर्षं माणूस जन्मला, लग्न केलं, मेला, हे सगळं फक्त चर्चच्या वहीत होतं. पाद्री लिहील तेव्हा तुम्ही अस्तित्वात. प्रत्येक नोंदीमागच्या विधीला दक्षिणा होती आणि ती गरिबांना परवडत नव्हती. ११ एप्रिल १८५७ला उदारमतवादी सरकारने कायदा करून गरिबांकडून ही दक्षिणा घ्यायला बंदी घातली. तो कायदा करणाऱ्या मंत्र्याचं आडनाव इग्लेसियास. स्पॅनिशमध्ये त्याचा अर्थ 'चर्चेस'. इतिहासाला कधीकधी असले विनोद सुचतात. त्याच वर्षी नवी राज्यघटना आली, तेव्हा तिची शपथ घेणाऱ्यांना चर्चने धर्मसंस्कार नाकारले. म्हणजे सरकारी नोकराने शपथ घेतली तर मरताना पाद्री येणार नाही, आणि घेतली नाही तर नोकरी जाणार.

युद्ध पेटलं. राष्ट्राध्यक्ष बेनितो हुआरेझ राजधानी सोडून वेराक्रुझ बंदरात सरकार चालवत होता. हुआरेझ मूळचा ओआहाका राज्यातल्या गेलाताओ गावचा, झापोतेक आदिवासी, तीन वर्षांचा असताना आई-बाप गेलेला. जुलै १८५९मध्ये वेराक्रुझहून एकामागून एक कायदे निघाले. १२ तारखेला चर्चची मालमत्ता राष्ट्राची झाली. २३ला विवाह हा नागरी करार ठरला. २८ला रेहिस्त्रो सिव्हिल आलं. ३१ला दफनभूमी सरकारच्या ताब्यात गेल्या. जन्म, लग्न, मरण आणि माती, सगळं तीन आठवड्यांत पाद्र्याच्या हातातून काढून घेतलं.

या कायद्यांमागच्या माणसांपैकी एक मेल्चोर ओकाम्पो. त्याचे आई-बाप नक्की कोण, यावर अजूनही एकमत नाही. एका जमीनदारीण बाईने त्याला वाढवलं. त्याला स्वतःलाही लग्नाबाहेर झालेल्या मुली होत्या. विवाह कायद्याचं पंधरावं कलम त्याच्याच नावाने ओळखलं जातं आणि पुढे शतकभर मेक्सिकोतल्या सरकारी लग्नांत ते वाचून दाखवत. त्यात नवऱ्याने रक्षण करावं, बायकोने आज्ञा पाळावी, असा उपदेश आहे. पाद्री गेला, प्रवचन राहिलं.

२८ जुलैच्या कायद्यात मला सर्वांत आवडलेली गोष्ट अगदी कोरडी आहे. वह्या तीन प्रकारच्या ठेवायच्या, जन्म, विवाह आणि मृत्यूच्या, आणि प्रत्येक वही दोन प्रतींत लिहायची. बॅकअप! १९१० ते १९२० या क्रांतीच्या काळात कितीतरी गावांतली कचेऱ्यांची दप्तरं जळाली. त्यातल्या काही गावांचे लोक आज पूर्वज शोधू शकतात ते केवळ दुसरी प्रत दुसरीकडे होती म्हणून.

कायदा झाला म्हणून लोक लगेच नोंदणीला गेले असं नाही. पाद्री विरोधात, कचेरी कोसभर लांब, आणि बाप्तिस्मा झाला की मूल 'झालं' असंच लोकांना वाटायचं. मध्येच फ्रेंचांच्या जोरावर सम्राट मॅक्सिमिलियन येऊन गेला. १८६७मध्ये त्याला गोळ्या घातल्या आणि प्रजासत्ताक परत आलं. अनेक गावांत सलग वह्या सापडतात त्या त्यानंतरच्याच. म्हणून शोधणाऱ्याला दोन्हीकडे बघावं लागतं, सरकारी वहीत आणि चर्चच्याही. स्पॅनिश बोलणारे बाकीचे काही देश तर आणखी उशिरा आले. खुद्द स्पेनमध्ये ही नोंदणी १८७१पासून, चिले, क्युबा, पोर्तो रिकोत १८८५पासून. तुमचा पूर्वज कुठल्या देशातला आणि कुठल्या वर्षीचा, यावर कुठली वही उघडायची ते ठरतं.

आता प्रत्यक्ष नोंद. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी लिहिलेली जन्मनोंद म्हणजे छोटी गोष्टच असते. अमुक गावी, सकाळी दहा वाजता, अमुक तारखेला, माझ्यासमोर अमुक नागरिक हजर झाला. वय तीस, विवाहित, धंदा रोजंदारी, इथलाच रहिवासी. त्याने एक मुलगी 'जिवंत सादर केली'. म्हणजे बाळ खरंच कचेरीत नेऊन दाखवायचं. तारखेचा आकडा असतो आणि लगेच अक्षरीही, आपल्या चेकवर असतं तसं, त्यामुळे खाडाखोडीला वाव कमी. मग आई-बापांची नावं, त्यानंतर बापाचे आई-बाप आणि आईचे आई-बाप. शेवटी साक्षीदार आणि बहुतेक वेळा एक ओळ: लिहिता येत नसल्याने सही केली नाही.

एका पानात तीन पिढ्या! आजी-आजोबांपैकी कुणाच्या नावापुढे 'मयत' लिहिलं असेल तर मृत्यूची वही कुठल्या वर्षाच्या मागे चाळायची हेही कळतं. आणि आईची आई तिच्या स्वतःच्या आडनावाने हजर असते, अमक्याची बायको म्हणून नाही.

अडचणी वेगळ्या आहेत. स्पॅनिशमध्ये 'ह' चा रोमन एच लिहितात पण उच्चारत नाहीत, 'ब' आणि 'व' चा उच्चार एकच, लॅटिन अमेरिकेत 'स' आणि 'झ' ही एकच. हिमेनेस हे आडनाव तीन वेगवेगळ्या अक्षरांनी सुरू होऊ शकतं. कारकून कानाला आलं ते लिहिणार. त्यात निम्म्या बायका मारिया आणि निम्मे पुरुष होसे. मेक्सिकोच्या आजच्या ओळख क्रमांकालाही हे ठाऊक आहे. 'कुर्प' नावाचा तो अठरा अक्षर-अंकांचा कोड नाव, दोन्ही आडनावं, जन्मतारीख, लिंग आणि जन्माचं राज्य यांतून बनतो. जोडनाव असेल आणि पहिलं मारिया किंवा होसे असेल तर ते सोडून पुढचं नाव धरायचं असा नियमच आहे. शिवाय पहिल्या चार अक्षरांतून चुकून शिवी तयार झाली तर एक अक्षर बदलून तिथे एक्स टाकतात. त्या वर्ज्य शब्दांची अधिकृत सरकारी यादी आहे. आमच्या कोडबेसमध्ये ती यादी पाहिली तेव्हा मला आधी कुणाची तरी गंमत वाटली होती. आपला आधार क्रमांक त्यामानाने मुका. बारा आकडे, त्यातून तुमच्या आईबद्दल काहीच कळत नाही. कुर्पमध्ये आईच्या आडनावाचं पहिलं अक्षर असतं.

हे सगळं पुण्यात बसून बघता येतं याचं कारण जरा विचित्र आहे. अमेरिकेतल्या युटा राज्यातलं मॉर्मन चर्च पूर्वजांसाठीही धर्मविधी करतं. त्यासाठी पूर्वजांची नावं हवीत. म्हणून त्यांनी १९३८पासून जगभरच्या नोंदवह्यांचे मायक्रोफिल्म काढायला सुरुवात केली, त्यात मेक्सिकोतल्या सरकारी आणि चर्चच्या वह्याही आल्या. मूळ रिळं सॉल्ट लेक सिटीजवळच्या ग्रॅनाइटच्या डोंगरात खोदलेल्या तिजोरीत आहेत. सुमारे २४ लाख रिळांचं डिजिटायझेशन २०२१मध्ये पूर्ण झालं आणि 'फॅमिलीसर्च'वर त्यातलं बरंचसं फुकट बघता येतं. एका चर्चच्या हातून वह्या काढून घेणाऱ्या हुआरेझच्या नोंदी आज दुसऱ्याच एका चर्चने सांभाळल्या आहेत.

तर माझ्या सहकारीची खापरपणजी. जन्म १८९३. नोंद सापडायला अडीच आठवडे लागले, कारण गाव शेजारचं निघालं. पान उघडलं आणि पहिल्याच ओळीत 'मुलीला घेऊन हजर झालेला बाप' नव्हता. हजर झाली होती आजी. मूल 'इहा नातुराल', म्हणजे लग्नाबाहेरचं. बापाची जागाच नाही, बापाच्या आई-बापांचीही नाही. आईचा धंदा: घरकाम. घरात आजवर सांगितलं जात होतं की खापरपणजीचे वडील स्पेनहून आलेले जमीनदार होते. असतीलही. वहीत नाहीत.

ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, पण नावं बघ ना. बाप नसल्याने पानावर उरल्या होत्या त्या सगळ्या आईकडच्याच: मुलगी, आई, आजी. ही रेघ सरळ मागे नेता येत होती. राजधानीसाठी १९२८मध्ये केलेल्या आणि १९३२पासून लागू झालेल्या नागरी संहितेने लग्नातली आणि लग्नाबाहेरची मुलं हा भेद बराचसा मिटवला. पण १८९३च्या कारकुनाने तो शब्द लिहून ठेवला म्हणूनच आम्ही उगाच बाप शोधत बसलो नाही.

आजीचा जन्म १८४०च्या आसपासचा, म्हणजे सरकारी वहीच्या आधीचा. तिथून पुढे चर्चच्या वह्या. तिच्या आईचा बाप्तिस्मा सापडला तो १८१५चा, आणि नावापुढे पाद्र्याने एक शब्द लिहिला होता: मुलाता. आफ्रिकी आणि युरोपीय वंशाची. वसाहतीच्या काळात बाप्तिस्म्याच्या वेळी मुलाची 'कालिदाद', म्हणजे प्रत, लिहिण्याची पद्धत होती: स्पॅनिश, इंडियन, मेस्तिसो, मुलातो. काही ठिकाणी तर वह्याही वेगळ्या. स्वातंत्र्यानंतर, १७ सप्टेंबर १८२२च्या हुकमाने, सार्वजनिक आणि चर्चच्या नोंदींत वंश लिहायला बंदी आली.

हा हुकूम मला एकदम पटतो आणि लगेच पटेनासा होतो. बाळाच्या कपाळावर जात लिहायची नाही, यात चूक काय? पण शब्द गेला तशी ती माणसंही पुढच्या पिढ्यांच्या आठवणीतून गेली. मग 'अस्सल स्पॅनिश' म्हणायला वाट मोकळी. तुम्ही आफ्रिकी वंशाचे आहात का, हा प्रश्न मेक्सिकोच्या जनगणनेत सर्वांना पहिल्यांदा विचारला गेला २०२०मध्ये. २५ लाखांहून जास्त लोक हो म्हणाले.

आपल्याकडे उलट आहे. इथे जुन्या कागदावरचा जातीचा शब्द सापडावा म्हणून लोक तहसील कचेरीत रांगा लावतात. ओबीसी दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७च्या आधीचा पुरावा, अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०च्या आधीचा. कुणबी नोंदींसाठी मोडी वाचणारे शोधले गेले ते आपण पाहिलंच. कोतवाल बुकात जात असते, बापाचं नाव असतं. बाळाचं नाव अनेकदा नसतंच, नुसतं 'मुलगा' किंवा 'मुलगी'. जुन्या कुलवृत्तांतांत मुली लग्न होऊन गेल्या की संपल्या. १ मे २०२४पासून महाराष्ट्रात जन्मलेल्या मुलांच्या कागदांवर नावानंतर आधी आईचं नाव येणार आहे. नुसतं नाव, तिचं माहेरचं आडनाव नाही. तरी लक्ष्मीबाईंच्या वेळेपेक्षा बरं.

सहकारीने ते १८१५चं पान घरच्या ग्रुपवर टाकलं. मावशीने लिहिलं, पाद्र्याला नीट दिसलं नसेल. मामेभावाने ते प्रोफाइलला लावलं. आईने काही लिहिलं नाही, पण रात्री फोन करून विचारलं की त्या बाईच्या आईचं नाव काय होतं.

ते बाप्तिस्म्याच्या नोंदीत आहे, पण एकाच आडनावासकट, आणि त्या नावाच्या तिघी त्या गावात सापडतात. कुठली खरी हे ठरवायला लग्नाआधीच्या चौकशीची कागदपत्रं बघावी लागतील. वधूवर जवळचे नातलग असतील तर पाद्री परवानगीच्या अर्जात वंशवृक्ष काढून ठेवायचे. त्या बाडाची कुठलीही अनुक्रमणिका नाही. ७४० चित्रं आहेत, शाई पाठीमागून उमटलेली. आम्ही २१८वर आहोत.