शिकवणी उंबऱ्यापाशी संपत नाही

नवे पिल्लू घरी आले की त्याला शी-शूची सवय कशी लावायची, हा प्रश्न बहुतेक घरांत एकाच अर्थाने विचारला जातो : फरशी कोरडी कशी राहील? पिल्लू बाहेर जाऊन उरकू लागले की शिकवणी संपली, असे आपण धरून चालतो. पण मोठ्या शहरांचा गेल्या पावणेदोनशे वर्षांचा इतिहास वेगळे सांगतो. उंबऱ्याबाहेर गेलेली घाण कुणाची, हे ठरवायला समाजाला फार वेळ लागला, आणि ते ठरेपर्यंत तिचा भार दुसऱ्याच कुणावर तरी पडत राहिला. ही शिकवणी कुत्र्याइतकीच, किंबहुना त्याहून अधिक, मालकाची आहे, असे माझे म्हणणे आहे.

कुत्र्याच्या बाजूने पाहिले तर निम्मे काम निसर्गानेच केलेले असते. पहिले दोन-तीन आठवडे कुत्री पिल्लांना चाटून त्यांची शी-शू करवते आणि साफही तीच करते. पाय स्थिरावले की पिल्ले झोपायची जागा सोडून बाजूला जाऊ लागतात. अमेरिकेत बार हार्बर इथल्या जॅक्सन प्रयोगशाळेत जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी पाच जातींच्या कुत्र्यांचा अनेक वर्षे अभ्यास केला आणि १९६५मध्ये तो ग्रंथरूपाने मांडला. साधारण दोन महिन्यांची पिल्ले शी-शूसाठी ठरावीक जागा धरू लागतात, हे त्यात नोंदले आहे. म्हणूनच पिल्लू झोपून उठले, जेवले किंवा खेळून दमले की त्याला रोज एकाच जागी न्यावे आणि त्याने तिथे उरकताच शाबासकी द्यावी, ही रीत लागू पडते. घाणीत नाक घासण्याच्या जुन्या पद्धतीने पिल्लू एवढेच शिकते की माणसासमोर हे करायचे नाही. मग ते पलंगाखाली जाऊन करते. वेळ सांभाळायची ती माणसाने, आणि चूक झाली तर बहुधा त्याच्याच वेळेची झालेली असते.

आता उंबऱ्याबाहेर येऊ. एकोणिसाव्या शतकातल्या लंडनमध्ये रस्त्यावरची कुत्र्याची विष्ठा फारशी पडून राहत नसे, कारण तिला भाव होता. कातडे चुन्यात भिजवून केस काढले की ते ताठर होते. त्यातला चुना काढून ते मऊ करायला बर्मंडसी भागातले चामडे कमावणारे कारखाने ही विष्ठा वापरत. हातमोजे आणि पुस्तकांची बांधणी यांसाठीचे तलम चामडे असेच तयार होई. धंद्यात या मालाला ‘प्युअर’ म्हणत. पत्रकार हेन्री मेह्यू याने १८५१च्या सुमारास तो गोळा करणाऱ्यांची माहिती टिपून ठेवली आहे : बादलीला साधारण आठ ते दहा पेन्स, आणि चांगल्या मालाला एक शिलिंगच्याही वर. पुढे जर्मन रसायनशास्त्रज्ञ ओटो रोम याने १९०७च्या सुमारास जनावरांच्या स्वादुपिंडातील विकरांपासून पर्याय शोधला आणि या मालाची गरज सरत गेली. बाजारानेच प्रश्न सोडवला होता, मग मालकाला कशाला धरायचे, असे कुणी म्हणेल. पण बाजाराने तो सोडवला तो गरिबांच्या हातांनी. मेह्यूला भेटलेल्या विष्ठा गोळा करणाऱ्यांत उपासमारीच्या काठावर पोचलेल्या म्हाताऱ्या बायका होत्या. हवेलीतले कुत्रे शिस्तीचे ठरत होते, आणि त्या शिस्तीचा उरलेला भाग या बायका निस्तरत होत्या.

भाव गेला, कुत्री मात्र शहरात राहिली. न्यूयॉर्कमध्ये १९३०च्या दशकापासून कुत्रा पदपथावर नको, कडेच्या गटारापाशी न्या, अशा पाट्या लागत होत्या. घाण उचलायची कुणी, यावर त्या गप्प होत्या. १९७०च्या दशकात ती मालकाने उचलावी असा प्रस्ताव आला, तेव्हा मोठा विरोध झाला. आम्ही कर भरतो, झाडणारे कशाला आहेत? वयस्कर माणसांनी वाकायचे कसे? लोक कुत्री सोडून देतील. हे आक्षेप पोकळ नव्हते. म्हाताऱ्या मालकाची अडचण खरीच होती, आणि अंध व्यक्तींच्या वाटाड्या कुत्र्यांना कायद्याने सूट दिलीही. तरीही १ ऑगस्ट १९७८ रोजी राज्याचा कायदा लागू झाला आणि शंभर डॉलरपर्यंत दंड ठरला. प्रत्येक मालकामागे शिपाई ठेवणे शक्यच नव्हते. तरी ती सवय रुजली, कारण शेजाऱ्यापाजाऱ्यांची नजर त्या कायद्यामागे उभी राहिली. कर भरून सफाईची सेवा मिळते. आपल्या जनावराची जबाबदारी करासोबत दुसऱ्याकडे जात नाही.

आपल्याकडे आणखी एक आक्षेप निघतो : गावातल्या कुत्र्याला हे कुणी शिकवले होते? कुणीच नाही, हे खरे. अंगण, परडे आणि पलीकडचे माळरान असेल तर झोपायच्या जागेपासून लांब जाण्याची उपजत ओढ पुरते. चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये मात्र ती ओढ दारापाशी अडते आणि दार उघडणे माणसाच्या हाती असते. जागा बदलली तसे कर्तव्यही बदलले. मुंबई महापालिकेच्या २००६च्या स्वच्छता उपविधींनी पाळीव प्राण्याने केलेल्या घाणीची जबाबदारी मालकावर टाकली. तरी सकाळी पदपथ झाडणाऱ्या सफाई कामगाराच्या खराट्याखाली ती येतेच, आणि तो कामगार बहुधा अशा जातींतला असतो ज्यांच्यावर हे काम पिढ्यान्‌पिढ्या लादले गेले. लंडनच्या म्हाताऱ्यांना निदान बादलीमागे पैसे मिळत. इथे आपली घाण त्या माणसाच्या कामात बिनबोभाट मिसळली जाते. म्हणून पिल्लू आणताना पट्टा आणि वाडग्यासोबत पिशव्याही आणाव्यात, आणि पहिल्या फेरीपासून स्वतः वाकून उचलावे. पिल्लू काही आठवड्यांत शिकेल. मालकाची शिकवणी कुत्र्याच्या आयुष्यभर चालते, आणि ती पुरी केल्याशिवाय आपण कुत्रा पाळतो असे म्हणण्याचा हक्क मिळत नाही.