कवितेतली ‘ती’ कोण?

आपल्या आज्या जात्यावर ओव्या गायच्या, आठवतंय ना? पाठीला भाऊ नसलेली बाईसुद्धा भाऊरायाची ओवी गायची. “हा भाऊ कुठला गं?” असं तिला कुणी विचारलं नाही. ओवीतलं मन खरं, पण ओवी म्हणजे घरचा दाखला नव्हे, हे बायांना ठाऊक होतं.

प्रेमकवितेच्या बाबतीत मात्र शिकलेली माणसंही हे विसरतात. आपल्या पुण्यातलीच गोष्ट घ्या. माधव त्र्यंबक पटवर्धन, म्हणजेच कवी माधव जूलियन, फर्ग्युसन कॉलेजात फारसी शिकवायचे. एका विद्यार्थिनीशी त्यांचं नाव जोडलं गेलं, बोभाटा झाला आणि त्यांना कॉलेज सोडावं लागलं. पुढं १९२६ साली त्यांचं ‘विरहतरंग’ हे प्रेमकाव्य आलं आणि १९३८ साली ‘तुटलेले दुवे’ हे सुनीतांचं काव्य. सुनीत म्हणजे चौदा ओळींची कविता. मग वाद सुरू झाला: यातली ‘ती’ कोण?

काही जण म्हणतात, कवीनं जे सोसलं तेच इथं उतरलंय. दुसरे म्हणतात, जरा थांबा. याच कवीनं फारसीतली गझल मराठीत रुजवली. गझलेतली प्रेयसी ही कवितेची रीत असते, दर वेळी ती खरीखुरी बाई नसते.

असाच वाद युरोपातल्या स्लोव्हेनियातही आहे. तिथले कवी फ्रान्त्से प्रेशेरेन यांनी १८३४ साली छापलेल्या सुनीतमालेत, ओळींच्या पहिल्या अक्षरांतून युलिया प्रिमिट्स हे नाव गुंफलं. युलियानं लग्न दुसऱ्याशी केलं. तरी आज ल्युब्लियाना शहरात कवीच्या पुतळ्यासमोर, एका घराच्या भिंतीवर तिची मूर्ती आहे. तिथं नाव कवीनंच दिलंय. पण त्या कवितेतून कळतं ते त्याचं मन, तिचं नव्हे.

आम्हाला वाटतं, जगलेलं कवितेत उतरतं हे खरं. पण कवितेवरून कुणा बाईचं चरित्र ठरवू नये. माधव जूलियन पुढं कोल्हापूरला राजाराम कॉलेजात शिकवू लागले. १९३६ साली जळगावच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षही झाले. त्या मुलीची आठवण मात्र निघते ती बहुतेक त्या बोभाट्यापुरतीच. म्हणून आम्ही इथं तिचं नाव घेतलं नाही.

गटाच्या बैठकीत एखादीनं प्रेमाचं गाणं म्हटलं, की कुणीतरी हळूच विचारतं, “कुणासाठी गं?” ती लाजते आणि पुन्हा गात नाही. पुढच्या बैठकीत आपण तो प्रश्न गिळूया आणि गाणं पुरतं ऐकूया.