मिसिंग मॅन फॉर्मेशन : आकाशातली एक जागा मुद्दाम रिकामी का ठेवतात?

चार लढाऊ विमाने एकमेकांना जवळजवळ खेटून येतात. जमलेल्या लोकांच्या डोक्यावर आली की त्यातले एक अचानक नाक वर करून सरळ आभाळात निघून जाते. उरलेली तीन मात्र आपापल्या जागी पुढे जात राहतात. असा व्हिडिओ तुमच्याही फीडमध्ये कधीतरी आला असेल. खाली हमखास एक-दोन कमेंट असतात, 'बिघाड झाला का?' किंवा 'पायलट स्टंट करतोय' अशा.

हा बिघाडही नव्हे आणि स्टंटही नव्हे. गेलेल्या सहकारी वैमानिकाला दिलेली ती मानवंदना असते. तिला 'मिसिंग मॅन फॉर्मेशन' म्हणतात. मराठीत सांगायचे तर, 'आपल्यातला एक जण आता नाही' हे दाखवणारी विमानांची रचना.

ती समजून घ्यायची तर आधी साधी फॉर्मेशन कशी असते ते पाहावे लागते. चार विमानांच्या नेहमीच्या रचनेत प्रत्येकाला क्रमांक असतो. सर्वांत पुढे लीडर. त्याच्या एका बाजूला किंचित मागे दोन नंबर, दुसऱ्या बाजूला तीन नंबर आणि तीनच्या पलीकडे चार नंबर. हाताची चार बोटे जुळवून टेबलावर ठेवली की नखांची जी ठेवण दिसते, तशीच ही दिसते. या रचनेत जागा म्हणजे काम. दोन नंबर लीडरला जपतो, चार नंबर तीनला. तीन नंबर हा दुसऱ्या जोडीचा म्होरक्या असतो.

मानवंदनेत बहुतेक वेळा हाच तीन नंबर वर जातो. एरवी एखादे विमान बाहेर पडले तर बाकीचे सरकून जागा भरून घेतात. इथे ती भरत नाहीत. लीडर आणि चार नंबर यांच्यामधले भगदाड तसेच ठेवून तिघे दिसेनासे होतात. विमानांचे ओ की ठो कळत नसलेल्या माणसालाही खालून ते भगदाड लगेच दिसते.

दिसायला सोपे, उडवायला तितके नाही. फॉर्मेशनमधल्या वैमानिकाची नजर लीडरच्या विमानावर खिळलेली असते. शेजारचा सहकारी वर निघाला तरी मान वळवून बघत बसण्याची सोय नसते. अंत्यसंस्काराच्या ठिकाणी बिगूल वाजत असताना किंवा संपताच विमाने नेमकी वर यायला हवीत, म्हणून जमिनीवरून रेडिओवर वेळ जुळवली जाते. शेकडो किलोमीटर वेगाने येणाऱ्या विमानांना काही सेकंदांचा फरकही महागात पडतो.

दुसरा प्रकार अधिक शांत आहे. कोणी वर जात नाही. विमाने येतानाच एक जागा मोकळी ठेवून येतात. भारतीय हवाई दलाने २७ मे २०१९ रोजी पंजाबमधल्या भटिंडाजवळच्या भिसियाना तळावर केली ती अशीच, बाणाच्या आकाराची रचना होती. चार मिग-२१ होती आणि त्यांचे नेतृत्व खुद्द तेव्हाचे हवाई दलप्रमुख एअर चीफ मार्शल बी. एस. धनोआ करत होते. पश्चिम हवाई कमांडचे प्रमुख एअर मार्शल आर. नंबियारही त्यात होते.

दलप्रमुखाने स्वतः लढाऊ विमान उडवत मानवंदना द्यावी, असे काय होते? उत्तर वीस वर्षे मागे, त्याच तारखेला सापडते.

२६ मे १९९९ रोजी कारगिलमध्ये हवाई दलाची 'ऑपरेशन सफेद सागर' ही मोहीम सुरू झाली. दुसऱ्याच दिवशी फ्लाइट लेफ्टनंट के. नचिकेता यांच्या मिग-२७ चे इंजिन बंद पडले आणि त्यांना विमानातून बाहेर उडी घ्यावी लागली. त्याच भागात स्क्वाड्रन लीडर अजय आहुजा मिग-२१ मधून टेहळणीवर होते. परत फिरणे त्यांच्या हातात होते. खाली खांद्यावरून डागायची क्षेपणास्त्रे घेऊन शत्रू बसला आहे हेही ठाऊक होते. तरीही आपला माणूस नेमका कुठे उतरला ते शोधण्यासाठी ते थांबले. त्यांच्या विमानाला क्षेपणास्त्र लागले. ते विमानातून बाहेर पडले, पण परत आला तो त्यांचा मृतदेह. आहुजा जिवंत उतरले होते आणि त्यानंतर त्यांना गोळ्या घालण्यात आल्या, असे भारताने शवविच्छेदनाच्या आधारे सांगितले. नचिकेता पाकिस्तानच्या हाती सापडले आणि काही दिवसांनी सुटून आले. आहुजांना मरणोत्तर वीरचक्र देण्यात आले.

आहुजा १७ स्क्वाड्रनचे, म्हणजे 'गोल्डन अ‍ॅरोज'चे. त्या वेळी या स्क्वाड्रनचे कमांडिंग ऑफिसर होते विंग कमांडर बी. एस. धनोआ. २०१९ मध्ये बाणातली ती जागा रिकामी ठेवून उडणारा लीडर त्यांचा जुना सीओ होता. (जाता जाता, या घटनेतल्या मिग-२१ आणि मिग-२७ या दोन्ही जातींची विमाने नाशिकजवळच्या ओझरच्या एचएएल कारखान्यात बनत असत.)

ही प्रथा सुरू कुठून झाली? पहिल्या महायुद्धातला जर्मन वैमानिक 'रेड बॅरन' रिख्तोफेन याच्या अंत्यसंस्कारापासून, असे पुष्कळ पोस्टमध्ये ठोकून दिलेले असते. १९१८ मध्ये शत्रूपक्षाने त्याला लष्करी इतमामात पुरले हे खरे. विमानांची गोष्ट मात्र ऐकीव आहे. भक्कम उदाहरण १९३८ चे. अमेरिकी लष्कराच्या हवाई दलाचे प्रमुख मेजर जनरल ऑस्कर वेस्टओव्हर विमान अपघातात गेले, तेव्हा पन्नासहून अधिक विमाने एक जागा मोकळी ठेवून उडाली होती. अलीकडची सर्वांत मोठी मानवंदना बहुधा डिसेंबर २०१८ मधली, टेक्सासमध्ये जॉर्ज एच. डब्ल्यू. बुश यांना नौदलाच्या २१ विमानांनी दिलेली. राष्ट्राध्यक्ष होण्याच्या कितीतरी आधी, दुसऱ्या महायुद्धात, ते नौदलाचे वैमानिक होते.

म्हणून प्रत्येक फ्लायपास्टखाली 'श्रद्धांजली' लिहून फॉरवर्ड करण्याआधी रचना नीट पाहावी. २६ जानेवारीच्या संचलनात तीन विमाने त्रिकोणात येतात, तो पूर्ण आकार असतो. त्यात कोणी हरवलेले नसते. दोन्ही बाजू जुळत नसतील आणि मधेच एका विमानाएवढी जागा सुटलेली असेल, तर ती मिसिंग मॅन.

भिसियानात विमाने उडाली त्या दिवशी १७ स्क्वाड्रनही अस्तित्वात नव्हती. जुनी मिग निवृत्त झाल्याने २०१६ मध्ये ती बंद झाली होती. १० सप्टेंबर २०१९ रोजी अंबाल्याला, राफेल विमानांसाठी, ती पुन्हा उभी राहिली. कार्यक्रमाला धनोआ होते. त्याच महिनाअखेरीस ते निवृत्त झाले.