निलगिरी तेल : सुगंधोपचाराचे लाभ आणि मर्यादा

वनस्पतींची पाने, फुले, साल किंवा मुळे यांतून मिळणाऱ्या बाष्पनशील तेलांचा स्वास्थ्यासाठी केलेला वापर म्हणजे सुगंधोपचार. ‘अरोमाथेरपी’ ही संज्ञा फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ रने-मोरिस गातफोसे यांच्या १९३७ मधील ग्रंथामुळे रूढ झाली. भारतीय घरांत परिचित असलेल्या अशा तेलांपैकी एक म्हणजे निलगिरीचे तेल.

मूळचा ऑस्ट्रेलियातील हा वृक्ष एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी दक्षिणेतील निलगिरी पर्वतात जळणासाठी लावला. मराठीत त्या पर्वताचेच नाव वृक्षाला मिळाले. पानांमधून वाफ सोडली असता तिच्यासोबत तेल बाहेर पडते आणि वाफ थंड झाल्यावर ते पाण्यावर तरंगते. सिनिओल हा त्याचा प्रमुख घटक होय. तेलाचा उग्र, थंडावा देणारा गंध मुख्यतः त्याचाच असतो.

सर्दीत रुमालावर टाकलेल्या एक-दोन थेंबांनी श्वास मोकळा झाल्यासारखे वाटते. ही जाणीव खरी असली, तरी नाकातील सूज त्यामुळे ओसरतेच असे नाही. म्हणजेच हे तेल आराम देते. संसर्ग बरा करत नाही. अंगाला चोळायचे झाल्यास ते खोबरेल किंवा तिळाच्या तेलात मिसळावे. १० मिलिलिटर तेलाला ४ थेंब, म्हणजे सुमारे २ टक्के, एवढे प्रमाण प्रौढांसाठी पुरेसे असते.

ज्या तीव्रतेमुळे थेंबभर तेल पुरते, तीच तीव्रता घातकही ठरते. हे तेल पोटात गेल्यास लहान मुलांना अवघ्या काही मिलिलिटरमुळेही गुंगी, झटके किंवा बेशुद्धी येऊ शकते. तान्ह्या बाळाच्या नाकाजवळ किंवा चेहऱ्यावर ते लावू नये. दमा किंवा अपस्मार असणाऱ्यांनी वैद्यकीय सल्ल्याविना त्याचा वापर टाळावा, कारण तीव्र वासानेही त्रास उद्भवू शकतो. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीशेजारी ही बाटली ठेवणे धोक्याचे आहे. ती मुलांच्या हाती लागणार नाही अशा जागी असावी.

चुकून तेल गिळले गेल्यास उलटी करवू नये, कारण ते श्वासमार्गात उतरून फुप्फुसांना इजा होऊ शकते. लक्षणे दिसण्याची वाट न पाहता, तेलाची बाटली सोबत घेऊन रुग्णाला तातडीने रुग्णालयात न्यावे.