हॉट रॉडच्या पुढच्या चाकांची थरथर

जुन्या अमेरिकी मोटारीचे वजन घटवून, एंजिनाची ताकद वाढवून बनवलेली गाडी म्हणजे हॉट रॉड. महामार्गाच्या वेगाला, ताशी ९० ते ११० किलोमीटरच्या दरम्यान, तिच्या स्टिअरिंगला सुटणारा कंप ही तिची जुनी तक्रार. या छंदात १९३२च्या फोर्डला मोठा मान. तिच्यासारख्या गाडीत पुढे अखंड अ‍ॅक्सल आणि आडवा पाटा. रबरी बुश कमीच. त्यामुळे चाकातली लहानशी खोडही थेट हातापर्यंत पोचते.

थरथर येते कधी, हे आधी पाहावे. कमी वेगात खड्डा लागताच चाके डावी-उजवी फडफडू लागली, तर तो ‘शिमी’. झिजलेला किंगपिन, सैल टाय रॉड किंवा चुकलेला कॅस्टर, म्हणजे किंगपिनचा मागे झुकण्याचा कोन, तिथे शोधावा. अशा अ‍ॅक्सलला तो साधारण ५ ते ७ अंश ठेवतात. ठरावीक वेगाला येणारी आणि तो ओलांडला की निवणारी थरथर मात्र बहुधा फिरत्या भागाची असते.

६६ सेंटिमीटर व्यासाचे चाक ताशी ९६ किलोमीटरला सेकंदात सुमारे १३ फेरे घेते. १६ इंची रिमच्या कडेला ३० ग्रॅम वजन जास्त असेल, तर या वेगाला ते सुमारे ४ किलोच्या जोराने ओढते. निम्म्या वेगाला हाच जोर चौथाई, म्हणूनच गावातल्या रस्त्यावर गाडी साळसूद वाटते.

थरथर येते त्याच वेगात गिअर न्यूट्रल करावा. कंप तसाच राहिला तर एंजिन बहुधा निर्दोष. प्रोपेलर शाफ्टचा कंप अधिक बारीक असतो आणि तो हातापेक्षा सीटला कळतो.

पुढची चाके मागे टाकून पाहण्याची नेहमीची युक्ती इथे फारशी चालत नाही. पुढे अरुंद आणि मागे थोराड टायर, हाच तर या गाड्यांचा रुबाब! मग गाडी जॅकवर घेऊन रिम आणि टायरचा फिरतानाचा वाकडेपणा डायल गेजने वेगवेगळा मोजावा लागतो. अंडाकृती टायर वजने लावून ‘बॅलन्स’ होतो, पण उड्या मारायचे सोडत नाही. जुन्या धाटणीचे बायस-प्लाय टायर गाडी उभी राहिली की तळाशी चपटे होतात. त्यामुळे येणारा कंप थोडे अंतर चालून टायर तापले की जातो.

स्टिअरिंगचे झटके शोषणारा डँपर लावून मोकळे होणारेही असतात. तो दुखणे दाबतो, काढत नाही.

बॅलन्सिंगच्या मशीनवर चाक चढते, ब्रेकचा ड्रम गाडीवरच राहतो. म्हणून बॅलन्स केलेले चाक हबवर दोन बोल्ट पुढे फिरवून बसवावे, नट आळीपाळीने समोरासमोरचे आवळावेत आणि त्याच रस्त्यावर त्याच वेगाने जाऊन यावे. कंप कमी-जास्त झाला, तर संशय ड्रमवर किंवा चाक हबवर मधोमध न बसण्यावर जातो.