चरित्र, कादंबरी आणि हिशेबाची वही

शाळा सुटल्यावर इतिहासाचे पाठ्यपुस्तक सहसा कोणी पुन्हा उघडत नाही. आपल्या घरांत इतिहास येतो तो संतचरित्रांतून, कादंबऱ्यांतून, क्वचित पडद्यावरून. त्याबद्दल नाक मुरडण्याचे आम्हांस कारण दिसत नाही. परंतु एकाच माणसाविषयी चरित्रकार एक सांगतो आणि कादंबरीकार नेमके उलटे, तेव्हा श्रद्धावान वाचक गोंधळतो. संत थॉमस मोर यांच्याबाबत तसे झाले आहे. ज्यांच्या मध्यस्थीची आपण याचना करतो त्यांच्या कारकिर्दीत माणसे जाळली गेली काय, असे तरुण वाचक विचारतात. हा प्रश्न टाळण्याजोगा नाही.

घटना थोडक्यात अशा. इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याने १५२९ साली मोर यांना लॉर्ड चॅन्सेलर नेमले. राणी कॅथरिनशी झालेला आपला विवाह रद्द ठरावा असा राजाचा हट्ट होता, आणि रोम त्यास मान्यता देईना. मोर यांनी १५३२ साली पद सोडले. १५३४ साली वारसाहक्काच्या कायद्याची शपथ घेण्यास त्यांनी नकार दिला व त्यांची रवानगी लंडनच्या टॉवरमध्ये झाली. ६ जुलै १५३५ रोजी त्यांचा शिरच्छेद झाला. बिशप जॉन फिशर त्यांच्याआधी चौदा दिवस त्याच वाटेने गेले होते. १९३५ साली पोप अकरावे पायस यांनी दोघांनाही संतपद बहाल केले.

मोर यांचे पहिले चरित्र लिहिले त्यांचे जावई विल्यम रोपर यांनी, सासऱ्याच्या मृत्यूनंतर सुमारे वीस वर्षांनी, कॅथलिक राणी मेरीच्या अमदानीत. मोर यांचा विनोद, त्यांची मार्गारेटवरील माया, वधस्तंभाकडे जाताना न ढळलेली शांती, हे सारे आपल्याला प्रामुख्याने रोपर यांच्यामुळे ठाऊक आहे. हा ग्रंथ प्रेमाने लिहिलेला आहे, आणि प्रेम सर्वच सांगत नाही. तरुणपणी खुद्द रोपर ल्यूथरच्या मतांकडे ओढले गेले होते. ती हकीकत आपल्याला मिळते ती नंतरचे चरित्रकार हार्प्सफिल्ड यांच्याकडून.

रॉबर्ट बोल्ट यांच्या १९६० च्या नाटकाने आणि त्यावरील १९६६ च्या चित्रपटाने हेच प्रेमळ चित्र जगभर नेले. हिलरी मँटेल यांच्या २००९ च्या ‘वुल्फ हॉल’ कादंबरीने ते उलटे केले. तिचा नायक थॉमस क्रॉमवेल, आणि त्याच्या नजरेतून दिसणारे मोर कठोर, कोरडे, पाखंड्यांच्या मागे लागलेले. कादंबरीला बुकर पारितोषिक मिळाले. आपल्यातील काहींना ती संताची विटंबना वाटली.

आम्ही असे म्हणू की आरोपाचे दोन भाग करावेत. मोर यांच्या चॅन्सेलरपदाच्या काळात पाखंडाच्या आरोपावरून सहा जणांना जाळण्यात आले, हे खरे. त्या शिक्षेचे त्यांनी लेखणीने समर्थनही केले. घरच्या बागेत झाडाला बांधून कैद्यांना फटके मारल्याची कथा मात्र सिद्ध नाही. मोर यांनी १५३३ साली छापील उत्तरात ती नाकारली, आणि नाकारताना दोघांना मारविल्याचे कबूलही केले. एक होता घरातला पोरगा, दुसरा मिस्साच्या वेळी दंगा करणारा वेडसर इसम. जो इतके मोजून सांगतो त्याचा नकार सहज बाजूला सारता येत नाही. पुढे जॉन फॉक्स या प्रॉटेस्टंट ग्रंथकाराने तीच कथा पुन्हा मांडली. पोप दुसरे जॉन पॉल यांनी २००० साली मोर यांना राजकारणी मंडळींचे आश्रयदाते घोषित केले, तेव्हा पाखंड्यांविषयीच्या त्यांच्या वर्तनात त्या काळाच्या मर्यादा दिसतात हे त्यांनी झाकून ठेवले नाही. मग आपण तरी का झाकावे?

रहस्यकथेला आपल्याकडे हलके मानतात. सी. जे. सॅन्सम यांची २००३ सालची ‘डिसोल्यूशन’ वाचणाऱ्याने तरी तसे मानू नये. १५३७ साल, समुद्रकाठचा एक काल्पनिक मठ, क्रॉमवेलच्या अधिकाऱ्याचा खून, आणि तपासाला आलेला पाठीला कुबड असलेला वकील शार्डलेक. तो स्वतः सुधारणेचा कट्टर अनुयायी. मठवासी सगळेच सज्जन नाहीत हे त्याला दिसते. परंतु मठाच्या जमिनी कोणाच्या घशात जाणार हेही दिसू लागते. खून कल्पित, जमिनींचा प्रश्न खरा. १५३६ च्या कायद्याने वर्षाला दोनशे पौंडांहून कमी उत्पन्नाचे मठ बंद केले, आणि १५४० पर्यंत इंग्लंडमध्ये एकही मठ उरला नाही. फायदा कोणाचा, हा गुप्तहेराचा साधा प्रश्न पुष्कळशा भाविक ग्रंथांत विचारलेलाच नसतो.

आम्हांस स्वतःला सर्वाधिक भिडलेले पुस्तक मात्र या दोन्ही प्रकारांत बसत नाही. कॅथलिक इतिहासकार एमन डफी यांनी २००१ साली मोअरबाथ या डेव्हन परगण्यातील तेहतीस कुटुंबांच्या गावाविषयी ते लिहिले. आधार कसला? तर चर्चच्या हिशेबाच्या वहीचा. सर ख्रिस्तोफर ट्रायके हे तेथील धर्मगुरू १५२० पासून १५७४ पर्यंत त्याच धर्मग्रामात होते. मेणबत्त्यांचा खर्च, संतांच्या नावाने पाळलेल्या मेंढ्या, सारे काही ते लिहीत. मृतांसाठी अर्पण होणाऱ्या मिस्साकरिता काळी वस्त्रे घ्यावीत म्हणून त्यांनी वीस वर्षे पैसा जमविला. वस्त्रे आली १५४७ साली, आणि त्याच वर्षी नव्या राजवटीने जुन्या उपासनेवर घाव घालण्यास आरंभ केला. १५४९ च्या बंडात गावाने पाच तरुणांना पाठविले, असे डफी वहीतील नोंदींवरून दाखवितात. बंड चिरडले गेले. धर्मगुरू मात्र राहिले. मेरीच्या राज्यात जुनी उपासना परतली तेव्हा ते आनंदले, आणि एलिझाबेथच्या राज्यात नवे प्रार्थनापुस्तक हाती घेऊन त्याच वेदीपाशी उभे राहिले.

त्यांना भित्रे म्हणावे काय? मोर यांच्या शेजारी उभे केले तर ते खुजे दिसतात. पण तेहतीस कुटुंबांचे बाप्तिस्मे आणि दफने कोणीतरी करावयाची होती, हे धर्मग्राम सांभाळणारा माणूस सहज विसरू शकत नाही.

आणि ही कथा केवळ इंग्लंडची नाही. ट्रायके वही लिहीत होते त्याच काळात, १५४९ च्या सुमारास, विल्टशायरमध्ये थॉमस स्टीफन्स यांचा जन्म झाला. कॅथलिक म्हणून मायदेशी वाट बंद झालेला हा तरुण रोमला जाऊन १५७५ साली येशूसंघात शिरला आणि २४ ऑक्टोबर १५७९ रोजी गोव्यास पोहोचला. त्यांचे मराठी ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली रायतूर येथे छापले गेले. त्या छपाईची एकही प्रत आज ज्ञात नाही. ग्रंथ आपल्यापर्यंत आला तो भाविकांनी उतरून घेतलेल्या हस्तलिखितांतून.